नंबरवाल्या बाई

"डोळ्याला पटलं, पण बोटाला पटंना."

हे म्हणताना बाई उजव्या हाताचं पहिलं बोट अंगठ्यावर घासत असायच्या. बोटाच्या टोकाला गंज, ग्रीस आणि पेन्सिलीचं शिसं यांचा मिळून एक काळा रंग चढलेला होता, तो साबणानं जात नसे. समोर ट्रकचा मालक घाम पुसत उभा. त्याला वाटायचं, झालं, बाईंनी नंबर पाहिला, आता सही होईल. आणि बाई पुन्हा गाडीखाली.

तुम्ही सोलापुरात सात रस्त्याच्या आसपास कधी वावरला असाल, तर त्यांना पाहिलंही असेल. पंजाबी ड्रेसवर खाकी कोट, पायात कॅनव्हासचे बूट, खांद्याला घडी केलेलं पोतं. हे पोतं रस्त्यावर अंथरायचं, त्यावर पाठ टेकायची आणि सरकत सरकत ट्रकच्या पोटाखाली जायचं, हे त्यांचं रोजचं काम. बाहेर फक्त बूट दिसायचे, आणि तेही स्थिर नसायचे. नवीन माणसाला वाटे, बाईंना खाली काहीतरी चावलंय.

मी त्याच कचेरीत कामाला होते. जुन्या गाड्या विकताना, विम्याला घालताना, दुसऱ्याच्या नावावर करताना त्या तपासून अहवाल द्यायचा, हा आमचा उद्योग. बाई गाडी बघायच्या, मी अहवाल टाइप करायची. कुणी त्यांना नावानं हाक मारलेली मला आठवत नाही. ड्रायव्हर, क्लीनर, पंक्चरवाले, सगळ्यांच्या तोंडी 'नंबरवाल्या बाई'. मीही नुसतं 'बाई' म्हणायची.

नंबर म्हणजे चेसिसचा नंबर. ट्रकच्या खाली लोखंडाच्या दोन लांब तुळया असतात, सगळी गाडी त्यांच्यावर उभी असते. कारखान्यात त्यांतल्या एकीवर ठोकून नंबर उठवतात. रंग बदलतो, इंजिन बदलतं, केबिन बदलते, पाटी बदलते. हा नंबर तेवढा बदलायचा नसतो. आणि ज्याला गाडीची ओळख बदलायची असते, तो नेमका ह्याच्याच मागे लागतो. बाईंची खासियत होती चाळीस-पन्नास वर्षांच्या जुन्या, पुढं लांब नाक असलेल्या ट्रकची. अलीकडे हौशी लोक अशा गाड्या शोधून काढतात, रंगरंगोटी करून दारात उभ्या करतात. त्यांचे नंबर गंजानं खाल्लेले असतात. बाई आधी रॉकेल लावायच्या, मग तारेचा ब्रश, मग खडू चोळायच्या. मग पातळ कागद लावून त्यावर पेन्सिल आडवी फिरवायच्या. कागदावर आकडे हळूहळू उमटत. शेवटी डोळे मिटून बोट.

बाईंच्या बुद्धीचं कौतुक करायला मी हे लिहीत नाही. त्या चुकतही असत. एकदा अक्कलकोट रोडच्या एका मालकाला त्यांनी सरळ तोंडावर सांगितलं, तुमच्या गाडीवर दोनदा ठोकाठोक झालीय, हा नंबर खोटा. तो बिचारा हादरला. पुढं कळलं की कारखान्यातच एक आकडा चुकीचा पडला होता आणि तिथंच दुरुस्त केला होता. बाईंना हे समजलं त्या क्षणी त्यांनी मला हातातलं काम सोडायला लावलं आणि माझ्या स्कूटीवर मागे बसून अक्कलकोट रोड गाठायला लावला. मालक जेवायला बसला होता. बाई उंबऱ्यात उभ्या राहून म्हणाल्या, "माझं चुकलं. तुमची गाडी खरी हाय." तो म्हणाला, बसा, जेवा. बाई म्हणाल्या, "न्हाय, येवढंच सांगायचं हुतं," आणि वळल्या. त्याच्या बायकोनं माझ्या हातात शेंगाचटणीची पुडी कोंबली, म्हणून ती भेट भेटीसारखी तरी झाली.

बसणं हा प्रकार त्यांच्यात नव्हताच. कचेरीतल्या त्यांच्या खुर्चीवर फायली बसत. चहाही चालता चालता. दोन घोट घेतले की ग्लास हाताला लागेल तिथं ठेवायच्या, बहुतेक वेळा ट्रकच्या बंपरवर, आणि पुढं जायच्या. खालच्या चहावाल्याचे किती ग्लास असे सोलापूर सोडून गेले असतील. एक तर हैदराबादपर्यंत जाऊन आला. ड्रायव्हरनं परतीच्या फेरीत तो आणून दिला आणि चहावाल्यानं तो बाईंसाठी वेगळा काढून ठेवला.

लोक ह्या धावपळीची कारणं लावायचे. कुणी म्हणे नवऱ्यानं टाकलं, कुणी म्हणे मूल गेलं. खरं म्हणजे त्यांनी लग्नच केलं नव्हतं. मंगळवेढ्याकडचं ज्वारी पिकवणारं घर, पॉलिटेक्निकच्या वर्गात एकटी मुलगी, मग ही नोकरी, एवढाच त्यांचा इतिहास. मी एकदा विचारलंच. म्हणाल्या, "सुरेखे, जरा टेकलं की मला वाटतं कायतरी बघायचं राहिलंय." मग स्वतःच हसल्या आणि काय राहिलंय ते बघायला जिना उतरून गेल्या.

त्यांच्याबरोबर राहून मलाही ती सवय लागायला आली होती. घरी गॅस बंद केलाय का ते मी दोनदा बघायला लागले. नवरा म्हणायचा, त्या बाईंचं भूत तुझ्या अंगात शिरलंय.

आता कुंभारीची गोष्ट सांगते.

कुंभारीला शिवानंद नावाचा एक ट्रान्सपोर्टवाला होता. चार-पाच ट्रक, घराला लागून मोठं पत्र्याचं आवार. त्याचे वडील आप्पा, ह्यांनी तरुणपणी एक ट्रक घेतला आणि त्याच्यावर सगळं घर उभं केलं. तो ट्रक पुढं विकला गेला. शिवानंदनं मोठ्या हौसेनं एका एजंटाला कामाला लावलं आणि वडिलांचा तो पहिला ट्रक शोधून आणला. पुढच्या लांब नाकावर लाल रंग, बाजूला फुलं, मागे मोरांची जोडी. घरी कार्यक्रम ठरवला, पाहुण्यांना आमंत्रणं गेली. विम्यासाठी तपासणी हवी होती, म्हणून आम्ही गेलो.

आवारात गाडी उभी होती आणि तिच्यावर झेंडूच्या माळा सोडायचं काम चाललं होतं. पलीकडे लिंबाखाली बाजेवर आप्पा बसले होते. स्वच्छ धोतर, टोपी, हातात काही नाही. ते गाडीकडे पाठ करून बसले होते.

शिवानंदची बायको मला आत घेऊन गेली. पाणी देता देता हळू आवाजात तिनं सगळं सांगितलं. गाडी आली त्या दिवशी आप्पा तिच्याभोवती एक फेरी मारून आले आणि म्हणाले, ही माझी न्हाय. सगळे हसले. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मग तिरकी पट्टी, तिरकी पट्टी असं काहीतरी पुटपुटायला लागले. एका दुपारी कुणाला न सांगता हायवेला जाऊन उभे राहिले आणि येणारे ट्रक थांबवून ड्रायव्हरना विचारायला लागले, माझी गाडी कुणी पाहिली का. तिथून त्यांना उचलून आणावं लागलं. डॉक्टरांनी वयामुळं होतं असं सांगून गोळ्या दिल्या. तेव्हापासून फाटकाला बाहेरून कुलूप.

"गोळीनं दिवसभर झोपत्यात," ती म्हणाली. "पर उठले की तेच. आता आमी कायच विचारत न्हाय त्यांना."

मी बाहेर आले तेव्हा बाई खिडकीच्या बाहेरच उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. पोतं अंथरलं आणि खाली गेल्या.

दाराजवळच्या पत्र्यावर कंपनीची जुनी पट्टी रिव्हेट मारून बसवलेली होती. तिच्यावरचा नंबर आरसी बुकाशी तंतोतंत जुळत होता. शिवानंद ती पट्टी मला बोट ठेवून दाखवत होता, इतक्यात खालून तारेच्या ब्रशचा आवाज यायला लागला. ताजा काळा रंग खरवडून खाली पडत होता. शिवानंद वाकून म्हणाला, बाई, कालच रंग दिलाय हो. ब्रश चालूच राहिला. मग रॉकेलचा वास आला. मग आवाज थांबला, आणि बूटही थांबले. मला ते लक्षात राहिलं, कारण बाईंचे बूट थांबलेले मी त्याआधी पाहिले नव्हते.

त्या बाहेर आल्या. कपाळावर रंगाचे कपटे. हातात पेन्सिलीनं घासलेला कागद. शिवानंद पुढं झाला, पण त्या त्याच्याजवळून गेल्या, थेट लिंबाखाली, आणि आप्पांच्या पुढ्यात जमिनीवर टेकल्या.

"आप्पा," त्या म्हणाल्या, "तुमचं खरं हाय. ही तुमची गाडी न्हाय."

आप्पांनी त्यांच्याकडे पाहिलं. गोळीमुळं डोळे जड होते. त्यांना ऐकू गेलं की नाही कळेना. शिवानंद मागे येऊन उभा राहिला होता, त्याची बायको दारात. माळा बांधणाऱ्या पोरी थांबल्या होत्या.

"पुट्टी भरून आकडे बुजवल्यात," बाई शिवानंदकडे न बघता सांगत होत्या. "खालचा नंबर येगळा हाय. पट्टी तेवढी आप्पांच्या गाडीची. ती काढून हिला बशिवली."

आप्पांनी हात पुढं केला आणि बाईंचा कोपर धरला. म्हातारा माणूस गर्दीत धरतो तसा, घट्ट.

"मग माझी कुटं हाय?"

बाईंनी हातातला कागद घडी करून कोटाच्या खिशात ठेवला.

शिवानंद चिडला. माणूस वाईट नव्हता, पण त्याच्या पायाखालची जमीन सरकली होती. उद्या पाहुणे येणार, त्यांना काय सांगायचं, अहवाल दोन दिवसांनी दिला तर चालणार नाही का, असं तो एका दमात बोलला. बाई पोतं झटकत म्हणाल्या, अहवाल आजच जाईल. "पाहुण्यांना येऊ द्या की. जेवायला घाला. आणि त्या फाटकाचं कुलूप काढा."

परत येताना स्कूटीवर त्या माझ्या मागे बसून सारख्या हलत होत्या. मला तोल सांभाळणं अवघड झालं. शेवटी मी गाडी बाजूला घेतली. त्या उतरल्या, रस्त्याच्या कडेनं थोडं चालल्या, परत आल्या.

"पट्टी हितं हाय म्हंजे गाडी कुटंतरी तुटली असंल," म्हणाल्या. "तुटली म्हंजे कुणीतरी तोडली असंल. त्याला आठवत असंल की."

मी म्हणाले, बाई, आपलं काम नंबर बघायचं आहे, गाड्या शोधायचं नाही. त्यांनी ऐकलं नाही असं मला वाटलं. पण सात रस्त्याचा सिग्नल लागल्यावर त्या मागून म्हणाल्या, "त्यांनी मला इचारलं गं. शिवानंदला न्हाय इचारलं."

त्या हिवाळ्यात आमचे सगळे रविवार असेच गेले. शहराबाहेर जुन्या गाड्या तोडणाऱ्यांची जी आवारं आहेत, ती आम्ही एकेक करून पालथी घातली. लोखंडाचे ढीग, वितळलेल्या रबराचा वास, कापणीच्या ठिणग्या. बाई एका ढिगावरून दुसऱ्या ढिगावर जात. माझी ओढणी कुठंकुठं अडकून फाटली. घरी कुरकुर सुरू झाली. मला ते नको झालं होतं, आणि एखाद्या रविवारी बाईंचा फोन आला नाही तर मी स्वतःच फोन करायची, हेही खरं.

शेवटी एका म्हाताऱ्या भंगारवाल्याला आठवलं. त्यानं विडी विझवली, आभाळाकडे बघितलं. "वो लंबी नाकवाली? उसकी पट्टी एक एजंट ले गया था बाई, बोला शौक के वास्ते चाहिए," तो म्हणाला. बाकी गाडी त्यानं कधीच तोडून टाकली होती. इंजिन एकीकडे गेलं, केबिन वितळली. चेसिसच्या दोन तुळया मात्र एक शेतकरी ट्रॅक्टरला बांधून घेऊन गेला. कशाला, ते माहीत नाही. मंगळवेढ्याकडचा होता.

मंगळवेढा म्हटल्यावर बाईंचा चेहरा बदलला. ते त्यांचं गाव. लगेच त्यांनी भावाला फोन लावला, चुलत्याला लावला, शाळेतल्या मैत्रिणीला लावला. कुणाच्या शेतात ट्रकच्या लोखंडाचं काही आहे का, एवढाच प्रश्न. गोठ्याला तुळई, विहिरीवर मोट ओढायला आडवं लोखंड, असं बरंच निघालं. बाई जाऊन बघून आल्या, त्यांतलं काही ते नव्हतं. आणि मग त्या मैत्रिणीच्या सुनेनं सांगितलं, आमच्या शिवाराच्या ओढ्यावर एक पूल आहे, त्याला खाली लोखंड आहे.

त्याच सुमारास शिवानंद आमच्या कचेरीत आला. एकटाच. त्यानं गोळ्या बंद केल्या होत्या, डॉक्टर बदलला होता. नवीन डॉक्टरनं सांगितलं होतं, म्हातारा चांगला शुद्धीवर आहे, जरा विसरतो एवढंच. कुलूपही काढलं होतं. पण आप्पा फाटकात बसून राहतात, म्हणाला. कुठं जात नाहीत, कुणाशी बोलत नाहीत. तो खुर्चीवरच्या फायलींकडे बघत बसला, आणि उठताना म्हणाला, "बाई, मी त्यांना खुळ्यात काढलं की." बाईंनी त्याला चहा दिला आणि पुलाचं सांगितलं. दुसऱ्याच सकाळी तो आप्पांना जीपमध्ये घालून कचेरीच्या दारात हजर झाला.

ज्वारी कमरेच्या वर आली होती. वाटेवर मातीला भेगा पडायला लागल्या होत्या. ओढ्यात डबकी तेवढी उरलेली. पूल म्हणजे दोन लोखंडी तुळया, त्यांवर आडव्या शहाबादी फरश्या. अलीकडे वस्ती, पलीकडे शेतं. आम्ही पोचलो तेव्हा एक बाई डोक्यावर भारा घेऊन त्यावरून पलीकडे चालली होती.

ते शेत पाटील आजींचं. आजी वस्तीतून तरातरा आल्या. आमची जीप, खाकी कोट, पेन्सिल, कागद बघून त्यांना वाटलं की आम्ही पूल उचलून न्यायला आलोय. त्या पुलाच्या मधोमध जाऊन उभ्याच राहिल्या. "माझ्या मालकानं घातलाय ह्यो. पावसात नातवंडं शाळंला कशी जायाची?" त्यांना समजावण्यात बराच वेळ गेला. नुसता नंबर बघायचा आहे, म्हटल्यावर त्यांचा संशय आणखीनच वाढला.

बाई तोवर खाली उतरल्या होत्या. नंबर असतो ते टोक काठाच्या मातीत गाडलं गेलं होतं. आजींच्या सुनेनं खुरपं दिलं. बाईंनी माती खणून काढली, गुडघ्यापर्यंत चिखलात. रॉकेल, ब्रश, खडू. इतका गंज की वरचे पापुद्रे हातात येत होते. मी पाण्यात उभी राहून कागद दाबून धरला आणि त्यांनी पेन्सिल फिरवली. दोन आकडे आले. पुढं काही नाही. मग अर्धा आकडा. मग पुन्हा तीन. कागदावर जे उमटलं त्यावरून मला काहीच ठरवता येईना.

बाईंनी डोळे मिटले. बोट लोखंडावर ठेवलं आणि ते अगदी सावकाश सरकवलं. शेवटच्या आकड्याशी थांबल्या. पुन्हा पहिल्यापासून.

"पटलं," त्या म्हणाल्या. मोठ्यानं नाही, मला ऐकू येईल एवढंच.

वर आप्पा मात्र त्यांच्या शब्दासाठी थांबले नव्हते. ते पुलावर गेले होते, आणि आम्ही वर बघितलं तर फरशीवर पालथे पडलेले. मी घाबरले. शिवानंद धावला. पण आप्पा पडले नव्हते, मुद्दाम आडवे झाले होते, आणि काठावरून हात खाली घालून डाव्या तुळईच्या आतली बाजू चाचपत होते. टोपी ओढ्यात पडली. थोडं पुढं सरकले. पुन्हा चाचपलं. मग हात तिथंच राहिला.

"तिरकी पट्टी," ते म्हणाले.

नळदुर्गच्या घाटात फार पूर्वी त्यांच्या गाडीची तुळई तडकली होती. सोलापुरात आणून ती जोडली, तेव्हा वेल्डिंगवाल्यानं वर पट्टी ठोकली ती तिरकी बसली. आप्पा त्याच्याशी भांडले होते, आणि मग तीच गाडी त्यांनी वर्षानुवर्षं चालवली. घरात सगळे ज्याला बडबड समजत होते ती एवढी साधी गोष्ट होती. शिवानंद वडिलांच्या शेजारी पालथा झाला आणि त्यानंही हात खाली घातला. आप्पांनी त्याचं मनगट धरून बोटं बरोबर जागेवर नेऊन ठेवली. बापलेक तसेच पडून होते. आजी डोक्यावरचा पदर सावरत त्यांच्याकडे बघत राहिल्या.

शिवानंद उठला तो आजींना म्हणाला की मी तुम्हाला सिमेंटचा पक्का पूल बांधून देतो, हे लोखंड आम्हाला द्या. आजी काही बोलायच्या आत आप्पाच बोलले.

"नगं. हिच्यावरनं लोकं चालत्यात. चालू दे की."

मग त्यांनी कुणाचा हात न धरता पूल ओलांडला. पलीकडे उभे राहिले, परत आले, आणि पुन्हा गेले. पुढच्या फेरीला आजींनी त्यांच्या हातात ज्वारीचं एक कोवळं धाट दिलं, कशासाठी ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

कुंभारीच्या आवारातली ती लाल गाडी अजून तिथंच आहे. तिचा खरा मालक कोण याची चौकशी पोलिसांकडं गेली. आप्पा रोज सकाळी तिच्यावरची धूळ झटकायला लागले. दुसऱ्याची पोर आपल्या घरी आलीय, नीट ठेवली पाहिजे, असं ते सुनेला म्हणाल्याचं मी ऐकलं. आणि शिवानंद ट्रकचं टायर घेण्यापूर्वीसुद्धा वडिलांना विचारतो, असं तीच सांगत होती. तक्रारीच्या सुरात सांगत होती, पण तक्रार नव्हती.

मला वाटलं होतं, बाई आता जरा निवांत होतील. तसं काही झालं नाही. मंगळवेढ्याहून परत येताना, वाटेत चहाला थांबलो तिथंच, त्यांना दूरवर बांधाजवळ एक गंजलेली केबिन दिसली, आणि चहा टाकून त्या शेतात शिरल्या.

पुढं कचेरीत नवी पद्धत आली. मालकानंच मोबाइलवर नंबरचा फोटो काढायचा आणि पाठवायचा, कुणी गाडीखाली जायची गरज नाही. बाई दिवसभर टेबलाशी उभ्या राहून फोटो मोठे करून बघायच्या आणि काचेवरून बोट फिरवायच्या. "गुळगुळीत," म्हणायच्या. शिवाय पाठीनं दगा दिला होता. विजापूरची भाची बोलवत होती. एके दिवशी त्या म्हणाल्या, चालले.

गेल्या पावसाळ्यात त्या भाचीचा फोन आला. बाई गेल्या. बाजारातून आल्या, पिशवी ओट्यावर ठेवली, पाणी मागितलं, आणि तेवढ्यातच. फार काही झालंच नाही, भाची म्हणाली. मी फोन कानाशी धरून उभी होते आणि मला सोलापूरचा एसटी स्टँड दिसत होता, बाईंना सोडायला गेले होते तो दिवस.

त्या दिवशी गाडी लागायला उशीर झाला होता. बाई चौकशीच्या खिडकीशी जाऊन आल्या, पुन्हा गेल्या, मग म्हणाल्या, "तू जागा धर, मी जरा बघून येते." काय बघणार होत्या कोण जाणे. एवढ्यात विजापूरची गाडी आली. मी गर्दीत घुसून खिडकीतून रुमाल टाकला, मग आत चढून त्या रुमालाशेजारी बसले. गाडी भरली. लोक उभे राहायला लागले. बाईंचा पत्ता नाही. कंडक्टर तिकिटं फाडत माझ्यापर्यंत आला, तेवढ्यात फोन वाजला. मागे जोराची घरघर होती.

"सुरेखे, उतर आता," बाई ओरडून बोलत होत्या. "वळखीचा ट्रक भेटला गं. मी विजापूर रोडला टाकळीच्या पुढं आले."

मी काहीतरी बोलले असेन. सावकाश जा, पोचल्यावर फोन करा, असंच काहीतरी. फोन बंद झाला होता.

गाडी सुरू झाली. कडेवर मूल घेतलेली एक बाई कधीची माझ्या जवळ उभी होती. तिनं रुमालाकडे बोट दाखवून विचारलं, "ताई, हितं कोण हाय का?"

मी रुमाल उचलला आणि तिला म्हणाले, "बसा." मग उभ्या माणसांच्या मधून वाट काढत, गाडीनं वेग घ्यायच्या आत, खाली उतरले.